नऊच्या यादीतलं भय

पाठशाळेत मुलांकडून नऊ नोकषाय पाठ करून घेताना मी बोटं मोजायला लावते. हास्य, रति, अरति, शोक, भय, जुगुप्सा, स्त्रीवेद, पुरुषवेद, नपुंसकवेद. शेवटचे तीन आले की मोठ्या वर्गातली पोरं एकमेकांकडे बघून हसतात. हसू देत. इथे वेद म्हणजे ग्रंथ नव्हे, कामाची ओढ. पुरुषाची ओढ तो स्त्रीवेद, स्त्रीची ओढ तो पुरुषवेद, दोघांची ओढ तो नपुंसकवेद. आपल्या आचार्यांनी याच्याही पुढे जाऊन देहाचा वेद आणि भावाचा वेद असा फरक केला. दहाव्या शतकातल्या नेमिचंद्रांच्या 'गोम्मटसारा'त म्हटलंय, की हे दोन्ही बहुतेक वेळा सारखे असतात, पण क्वचित विषमही असतात. ग्रंथ दिगंबरांचा, आम्ही स्थानकवासी; पण शहाणपण कुणाच्याही घरचं असो, घ्यावं.

पाठशाळेबरोबर मी लग्नंही लावते. सुरतहून बारडोलीकडे जाणारा रस्ता मुंबई-अहमदाबाद हायवेला जिथे छेदतो, ते आमचं कडोदरा. आजूबाजूला डाइंग-प्रिंटिंगच्या मिला, त्यात कामाला खानदेशातले, ओडिशातले, यूपी-बिहारचे लोक. आम्हीही मूळचे नंदुरबारकडचे, साड्यांच्या धंद्यापायी इकडे आलो. ज्यांना जैन विधीनं आणि मराठीत अर्थ समजावून लग्न हवं असतं, ती घरं मला बोलावतात. नवकार, मंगलपाठ, वचनं. एवढ्यात सगळं आटोपतं.

मागच्या पर्युषणानंतर माझ्याच पाठशाळेत शिकलेली एक मुलगी खमतखामणा करायला घरी आली. आता एका मिलमध्ये हिशेब लिहिते. बरोबर तिची सोबतीण होती, ओडिशातल्या गंजामची. तिचे वडील लूमवर कामाला आले आणि ही इथे शिकून नर्स झाली. दोघी तीन वर्षं एका खोलीत राहतात. चहा झाला, आणि मुलगी म्हणाली, "काकू, आम्हाला सर्टिफिकेट नको. ते मिळणारही नाही. तुमच्या तोंडून मंगलपाठ ऐकायचाय, दोघींनी शेजारी बसून."

मी गप्प राहिले तशी तीच पुढे म्हणाली, "नऊमधलं भय मला आधी कळलं, काकू. वेद कुठला ते नंतर कळलं."

मी चार दिवस मागून घेतले.

सर्टिफिकेट मिळणार नाही हे ती खरंच बोलली. ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टानं ३७७ कलमातून अशा संबंधांना गुन्ह्याबाहेर काढलं. मग लग्नाचा प्रश्न गेला. एप्रिल-मे २०२३ मध्ये दहा दिवस सुनावणी झाली आणि १७ ऑक्टोबर २०२३ ला निकाल आला. लग्न हा मूलभूत हक्क नाही, यावर पाचही न्यायाधीश एक झाले. सरन्यायाधीश चंद्रचूड आणि न्यायमूर्ती कौल म्हणाले, लग्न नाही तरी अशा जोडप्यांच्या नात्याला काही मान्यता हवी. पण ते दोघं, पलीकडे तिघं. फेरविचाराचे अर्ज ९ जानेवारी २०२५ ला फेटाळले गेले. दिवाळीनंतर आपले व्यापारी ज्या थायलंडला फिरायला जातात, तिथे त्याच महिन्यात अशी लग्नं नोंदायला सुरुवात झाली.

कागद नसला तर काय बिघडतं, असं मलाही वाटायचं. मुलीनं मला तिचं ईएसआयचं कार्ड दाखवलं. मिलमध्ये पगारातून पैसे कापतात, त्यावर नवरा चालतो, मुलं चालतात, आईवडील चालतात. सोबतीण चालत नाही. स्वतः नर्स असलेली बाई हिच्या ऑपरेशनच्या कागदावर 'नातेवाईक' म्हणून सही करू शकेल याची खात्री नाही. उद्या एकीचं बरंवाईट झालं आणि मृत्युपत्र नसलं, तर खोलीतला फ्रिजसुद्धा कायद्यानं दुसरीचा नाही. गुजरातेत 'मैत्री करार' हा शब्द जुना आहे. वकील स्टॅम्पपेपरवर करून देतात, पण त्यानं लग्नाचा हक्क येत नाही. एक बरं झालं: ऑगस्ट २०२४ मध्ये अर्थ मंत्रालयानं स्पष्ट केलं, की अशा जोडीदारांना बँकेत जोडखातं उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला आडकाठी नाही.

हे सगळं त्यांचं झालं. चार दिवसांत मी माझंही मोजून बघितलं. आपल्या स्थानांग सूत्रात भयाची सात स्थानं सांगितली आहेत. पहिलं इहलोक भय. टीकाकार त्याचा अर्थ करतात तो असा: आपल्याच जातीच्या जीवाचं भय, माणसाला माणसाचं. वाघाचं भय दुसऱ्या खान्यात जातं. मला वाघाचं नव्हतंच. मला भय होतं ते उपाश्रयात शेजारी बसणाऱ्या बायांचं.

शेवटचं अश्लोक भय, म्हणजे अपकीर्तीचं. धाकट्या मुलीचं बघायला सुरुवात झाली होती. बायोडेटावर आईचं नाव असतं. चौकशी करणारे फोन करणारच, आणि कुणीतरी सांगणारच, "तिची आई कसली कसली लग्नं लावते."

काही ठिकाणी याच सातांत आजीविका भयही मोजतात. आमचे हे रात्री जेवताना एवढंच म्हणाले, "धंदा इथेच करायचाय आपल्याला." रागानं नाही म्हणाले. मला ते खोटंही वाटलं नाही. १९८७ साली मध्य प्रदेशच्या सशस्त्र पोलीस दलात लीला आणि उर्मिला या दोघी शिपाई होत्या. त्यांनी एकमेकींशी लग्न केलं आणि दोघींची नोकरी गेली. आजीविकेचं भय हवेतलं नसतं.

पण मोजता मोजता मला ती नऊची यादी वेगळी दिसायला लागली. भय आणि जुगुप्सा, म्हणजे किळस, या दोन्ही तिथे तीन वेदांच्या शेजारीच बसल्या आहेत. एकाच मोहनीय कर्माच्या पोटातल्या. त्या मुलीची ओढ कर्मबंधाची असेल, तर माझी नवऱ्याबद्दलची ओढही त्याच यादीत आहे; शास्त्रानं तिला सूट दिलेली नाही. आणि तिला बघून कुणी नाक मुरडतं, ती किळसही त्याच यादीत, तेवढीच सोडायची. आपण मात्र दुसऱ्याच्या वेदाला पाप म्हणतो आणि स्वतःच्या किळसेला संस्कार. ही वाटणी मला कुठल्याच सूत्रात सापडली नाही.

कुणी म्हणेल, धर्मात असं लग्न कुठे लिहिलंय? नाहीच लिहिलेलं. चौथ्या अणुव्रतात 'स्वदारसंतोष' म्हटलंय, आणि दारा म्हणजे बायको. हे मी ओढूनताणून दुसरं काही करणार नाही. पण त्या व्रताचं काम काय? भटकणाऱ्या मनाला एका माणसाशी बांधणं. दोन माणसं स्वतःहून येऊन म्हणतायत, आम्हाला बांधून घ्यायचंय, आणि आम्ही श्रावकांनी म्हणायचं, नको, तुम्ही मोकळ्याच राहा?

आणि आपल्यातलं सगळ्यात प्रसिद्ध लग्न तर लागलंच नाही. नेमकुमारांची वरात राजुलच्या दारी निघाली होती. वाजंत्री वाजत होती. सगळे वाजंत्री ऐकत होते. नेमकुमारांना वाड्यात कोंडलेल्या पशूंचा आक्रोश ऐकू आला. मेजवानीसाठी बांधून ठेवलेले जीव. त्यांनी रथ फिरवला. दुसऱ्याचं भय ऐकू येणं हे आपल्या धर्मात लग्नाच्या वाजंत्रीपेक्षा मोठं आहे. दानांत अभयदान श्रेष्ठ, असं आपण म्हणतो आणि संवत्सरीला जीवदयेची पावती फाडतो. जवळच्या खोलीत दोन मुली दाराला आतून कडी लावून बसल्या आहेत, त्यांचा जीव त्या दयेत येतो की नाही?

पाचव्या दिवशी मी फोन करून होकार दिला. भय गेलं म्हणून नव्हे. भय होतंच, मी ते बरोबर घेऊनच गेले.

रविवारची दुपार. भाड्याची एक खोली, पलंग उभा करून जागा केलेली. फेरे नाहीत, बँड नाही. दोघींनी साध्या साड्या नेसलेल्या, मिलच्या सेकंड मालातल्या. मी नवकार म्हटला, मंगलपाठ म्हटला, मग चौथ्या व्रताचा अर्थ सांगितला: एकमेकींत संतोष ठेवा, आजारपणात सोडू नका, पैशाचं लपवू नका. गंजामची आई आली होती. त्यांच्याकडे लग्नात बाया तोंडानं हुलहुली करतात, दूरवर ऐकू जाते. त्या बाईनं पदर तोंडावर घेऊन केली. भिंतीपलीकडे भाडेकरू होते.

मुलीची आई आली नाही. आदल्या रात्री तिचा मला फोन आला होता. "ताई, तुम्ही जाताय ना?" एवढं विचारलं आणि ठेवून दिला.

त्यानंतर एका घरानं ठरलेलं लग्न दुसऱ्याकडे दिलं. मी कारण विचारलं नाही. उपाश्रयात एक बाई माझ्या शेजारून उठून पुढे जाऊन बसली. दुसऱ्या एकीनं तिची रिकामी जागा घेतली आणि हळूच विचारलं, "बहिणीच्या मुलाचं असंच आहे. काय करावं हो?" मी तिला सांगितलं, आधी त्याचं बोलणं ऐकून घ्या, मग बँकेत नॉमिनी आणि वकिलाकडे मृत्युपत्र. कोर्टाचं जेव्हा होईल तेव्हा होईल.

संक्रांत झाली आणि मुलीची आई घरी आली. तिळगूळ दिला, बराच वेळ सुनांविषयी, गुडघ्यांविषयी बोलत बसली. उठताना दारात थांबून म्हणाली, "ताई, खोली नेमकी कुठे आहे त्यांची?"

मी पाठकोऱ्या कागदावर पत्ता लिहून दिला. खाली रिक्षा कुठे सोडते तेही लिहिलं.