खिडकी नसलेली खोली

मुंबईच्या मध्यमवर्गीय माणसाचे समुद्राशी असलेले नाते मोठे गमतीचे आहे. तो जन्मभर समुद्राच्या काठी राहतो, पण समुद्रावर जात नाही. रविवारी चौपाटीवर भेळ खावी, पावसाळ्यात मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर फुटणाऱ्या लाटा पाहाव्यात आणि गावाकडचे पाहुणे आले म्हणजे त्यांना लाँचमधून घारापुरी दाखवून आणावी, एवढाच काय तो परिचय! बोटीचा प्रवास म्हटला की त्याच्या डोळ्यांपुढे दोनच माणसे उभी राहतात. एक, विलायतेला निघालेला कोणी धनिक. आणि दुसरा, बोट लागल्यामुळे कठड्यावर ओणवा झालेला कोणी दुर्दैवी जीव. आपण या दोहोंपैकी कोणीच नाही, याबद्दल तो मनोमन देवाचे आभार मानतो आणि लोकल गाठतो.

आमच्या घरात बोटीचा विषय निघाला तो आईमुळे. तिच्या डोळ्यांत काचबिंदू आहे. "आहे ती दृष्टी सांभाळायची, गेलेली परत येत नाही," असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. त्या संध्याकाळी मी तिला विचारले, "आई, तुला कुठे जावंसं वाटतं? काशी? तिरुपती?" ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "मला एकदा रत्नागिरी समुद्रातून पाहायची आहे. बोटीतून दिसायची तशी."

आईचा जन्म १९४७ चा. त्याच वर्षी १७ जुलैला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. त्यामुळे आमची आजी बोटीत पाय ठेवण्यापूर्वी समुद्राला हात जोडायची म्हणे. पण जाणार कशाने? कोकणात रेल्वे नव्हती, आणि घाटातला रस्ता अंगातली हाडे मोजून घेत असे. तेव्हा पावसाळा सरला की हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण अशी बंदरे घेत बोटी गोव्याकडे जात. डेकवर सतरंजी पसरायची, वळकटी उशाला घ्यायची आणि लिंबू हुंगत पडून राहायचे. बोट किनाऱ्यापासून लांबच उभी राही. मग खाली हेलकावणाऱ्या पडावात उतारू उतरत, आणि आईसारख्या लहान मुलांना खलाशी बखोटीला धरून अल्लद झेलत. पुढे त्या बोटी बंद पडल्या. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाली आणि रत्नागिरी एका झोपेवर आली. सोय झाली, यात शंकाच नाही. पण गाव समोरून यायचे ते मागच्या दाराने येऊ लागले!

२०१८ साली मुंबई-गोवा 'आंग्रिया' बोट सुरू झाली, तेव्हा आईने वर्तमानपत्रातला तिचा फोटो कापून पोथीत ठेवला होता. "पुढच्या वर्षी जाऊ" असे आम्ही म्हणत राहिलो. २०२० साली महासाथ आली आणि ती बोट थांबली. आता मुंबईहून मोठाल्या पर्यटनबोटी निघतात. संध्याकाळी निघून दुसऱ्या दिवशी गोव्याला पोचवणारी एक फेरी चिरंजीवांनी शोधून काढली. आमच्याकडे शिल्लक होती ती दिवाळीपूर्वी घराला रंग देण्यासाठी साठवलेली. सौ.ने भिंतीकडे पाहिले, आईकडे पाहिले आणि पेन्सिल घेऊन बसली.

या पेन्सिलीने जे शोध लावले, ते वाचकांच्या उपयोगी पडतील म्हणून सांगतो. जाहिरातीतला मोठ्या अक्षरांतला आकडा हा एका माणसाचा, आणि तोही खोलीत दोघे राहणार असे धरून असतो. बंदराचा आकार, सेवाशुल्क आणि कर हे छोट्या अक्षरांत मागाहून येतात. म्हणून सर्व मिळून किती, हा एकच प्रश्न विचारावा. एकाच खोलीत तिसरा व चौथा माणूस घेतला तर त्याचे भाडे बरेच कमी पडते. जेवणखाण भाड्यात धरलेले असते. पेये आणि इंटरनेट यांचे पैसे वेगळे. शनिवार-रविवारपेक्षा मधल्या वारी दर उतरतात. आणि सर्वांत स्वस्त खोली म्हणजे आतली, खिडकी नसलेली. खिडकीच्या खोलीला जास्त पैसे, सज्जाच्या खोलीला त्याहून जास्त.

"समुद्र पाहायला जायचं आणि बिनखिडकीच्या खोलीत राहायचं?" मी म्हणालो.

"अहो, खोली निजायला असते," सौ. म्हणाली. "समुद्र वर डेकवर आहे, आणि त्याचं भाडं नाही."

तिच्या या वाक्यात साऱ्या स्वस्त जलप्रवासाचे शास्त्र आले. शिवाय जहाजाच्या मध्यावर, खालच्या मजल्यावर हेलकावे सर्वांत कमी बसतात. तेव्हा पोटाच्या दृष्टीनेही ती खोली श्रीमंतच म्हणायची. जाताना बोट, येताना मडगावहून रेल्वे, असा बेत ठरला.

मार्गशीर्षातल्या एका संध्याकाळी बोटीने धक्का सोडला. मुंबई हळूहळू मागे सरकू लागली. गेटवे, ताजमहाल हॉटेल, कुलाबा आणि मग टोकाचे ते १८७५ सालचे प्रोंग्ज दीपगृह. इतकी वर्षे या शहरात काढून मी ते प्रथमच समोरून पाहिले. बोटीच्या पोटात मात्र भली मोठी जत्रा भरली होती. पोहण्याचा तलाव, नाचगाणी, जुगाराचा अड्डा, आणि थाळ्यांवर थाळ्या रिचवणारे आमच्यासारखे लोक! सौ.ने तीनदा गुलाबजाम घेतले आणि "भाड्यात धरलंय" म्हणून मलाही घ्यायला लावले. आईने वरणभात खाल्ला आणि विचारले, "कोकणची बाजू कुठली?"

दक्षिणेला जाताना किनारा डावीकडे असतो. डाव्या अंगाच्या डेकवर दिव्यांपासून दूर असा एक कोपरा आम्ही हेरून ठेवला. चिरंजीवांनी मोबाईलमध्ये नकाशा आधीच उतरवून घेतला होता. त्यावर आमचा निळा ठिपका मुंगीच्या पावलांनी सरकत होता. रत्नागिरी अर्ध्या वाटेच्या थोडी पुढे, म्हणजे पहाटे अडीच-तीनला समोर येणार होती. "वाळूत उभं राहिलं तर क्षितिज साडेचार किलोमीटरवर असतं," त्याने हिशेब सांगितला, "इथे पंचवीस मीटर उंचीवरून अठरा. आणि दीपगृह टेकडीवर आहे, म्हणजे त्याहून लांबूनही दिसेल." पण बोट नेमकी किती बाहेरून जाणार, हे आमच्यापैकी कोणाला ठाऊक होते? आणि दिसले तरी आईला दिसणार का, हा प्रश्न मी आणि सौ. दोघेही मनातल्या मनात घोळवीत होतो.

अडीचला आम्ही तिला वर आणले. अंधारात तिला पायऱ्या दिसत नाहीत, सौ.ने तिचा हात घट्ट धरला होता. वारा गार होता. मच्छीमार होड्यांचे दिवे लांबवर लुकलुकत होते, आणि प्रत्येक वेळी मी उगीचच "ते बघ" म्हणत होतो. "ते नव्हे," आई शांतपणे म्हणे. पाऊण तास असाच गेला. चिरंजीवांचा ठिपका रत्नागिरीसमोर आला. कोणी काही बोलेना.

आणि मग काळोखाच्या कडेला एक उजेड उमटला. विझला. पुन्हा उमटला. मी बोलण्यापूर्वीच आईने बोट दाखवले.

"हाच. बाबा म्हणायचे, हा दिसला की वळकटी बांधायची."

तिने अंगावरची शाल काढली आणि तिची नीट घडी घातली. मग माझ्याकडे वळून विचारले, "थांबणार नाही ना रे?"

"नाही, आई."

"बरं." घडी घातलेली शाल छातीशी धरून ती तो उजेड मागे पडेपर्यंत उभी राहिली. सौ.ने तिच्या खांद्यावर आपला पदर घातला. नंतर त्या बिनखिडकीच्या खोलीत आई जी झोपली, ती मुरगाव बंदर आले तरी उठेना.

रंग द्यायचे राहिले ते राहिलेच. या दिवाळीला फराळाला येणारी मंडळी भिंतींवरचे पोपडे पाहतील आणि सौजन्याने दुसरीकडे नजर वळवतील. "पुढच्या दिवाळीला नक्की," असे सौ. त्यांना सांगणार आहे. भिंतींना घाई नाही. आईची दृष्टी थोडी आणखी अधू झाली आहे. पण चिरंजीव जवळ बसला की ती त्याला हर्णै, दाभोळ, जयगड अशी बंदरे क्रमाने म्हणून दाखवते, आणि रत्नागिरीपाशी आली की थोडी थांबते.