खडा बॉक्सात नसतो

"मिस्त्री, गिअर पडतोय की, पण हाताला खडा लागतोय बघा." नवा गिअरबॉक्स बसवलेली जुनी जीप गॅरेजात येते तेव्हा तक्रार बहुधा याच शब्दांत येते. कर्कर आवाज नाही, गिअर निसटत नाही, गाडी चढाला छान ओढते. फक्त दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना दांडा मध्येच थबकतो आणि जरा रेटा दिला की आत जातो. मालकाची खात्री झालेली असते की बॉक्सच खराब निघाला. ज्यानं विकला तो म्हणतो, चालवा थोडे दिवस, रुळेल. मला दोन्ही पटत नाही. बॉक्स बहुतेक वेळा चांगला असतो. दोष असतो तो जुनं आणि नवं जिथं जोडलंय त्या सांध्यात, आणि तो रुळून कधीच जात नाही. दर गिअरला तो आतल्या पितळी रिंगा थोड्या थोड्या खात राहतो.

कोल्हापुरात ही कामं पूर्वीपासून होतात, कारण शिवाजी उद्यमनगरात लेथ आहे, फौंड्री आहे आणि आकडा सांगितला की तसा तुकडा काढून देणारे हात आहेत. महिंद्राच्या जुन्या सीजे-थ्री-बी जीपला मूळचे तीनच गिअर. त्या टी-९० बॉक्सात पहिल्या गिअरला वेग जुळवून देणारा सिंक्रो नाही. चालत्या गाडीत पहिला टाकायचा म्हणजे डबल क्लच मारता आला पाहिजे. करूळ घाटात भरल्या जीपला दुसरा पुरेना आणि पहिला पडेना, अशी गत व्हायची. म्हणून लोक डिझेल इंजिन घालतात, मागं पाच गिअरचा बॉक्स लावतात आणि दोघांच्या मध्ये अडॅप्टर प्लेट येते. गाडीचं आयुष्य वाढतं, रोजच्या वापराला सोयीची होते. मी या बदलाच्या बाजूचाच आहे. पण प्लेट नीट झाली तरच.

खडा का लागतो, ते आधी बघू. सिंक्रोमेश पहिल्यांदा कॅडिलॅकनं १९२८ साली गाडीत आणला. आजच्या बॉक्सात गिअरच्या शंकूवर एक पितळी रिंग बसते. दांडा ढकलला की स्लीव्ह त्या रिंगेला शंकूवर दाबते, घर्षणानं दोघांचा वेग सारखा होतो आणि तोवर रिंगेचे दात स्लीव्हला वाट देत नाहीत. म्हणजे ती अडवणूक मुद्दाम ठेवलेली आहे. चांगल्या बॉक्सात ती इतकी क्षणभराची असते की हाताला कळतही नाही. कळू लागली, तर रिंगेला नेहमीपेक्षा जास्त काम पडतंय. रिंगेला एकटा गिअर सांभाळायचा नसतो. इनपुट शाफ्ट, खालचा काउंटर शाफ्ट आणि क्लच प्लेट, एवढ्या सगळ्याचा वेग तिला बदलावा लागतो. म्हणूनच ताकदवान इंजिनाला जड सिरॅमिक क्लच प्लेट टाकली की गिअर अडखळायला लागतात. तिथं कुणाची चूक नसते, रिंगेवरचं ओझं वाढलेलं असतं.

हात आधी बाहेर चालवायचे, पाना नंतर. इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून बघायचे. बंद इंजिनातही खडा लागत असेल तर तो दांड्याच्या बुशात, शिफ्टर शाफ्टवर किंवा डिटेंटच्या स्प्रिंग-गोळीत आहे. बॉक्स खाली उतरवायचं कारण नाही. बंद असताना लोण्यासारखा आणि चालू असताना अडखळतो, तर क्लचकडे बघायचं. न्यूट्रलमध्ये क्लच पूर्ण दाबायचा, मनात पाच-सहा आकडे मोजायचे आणि मग रिव्हर्स टाकायचा. बहुतेक बॉक्सांत रिव्हर्सला सिंक्रो नसतो, त्यामुळे तो खोटं बोलत नाही. एवढं थांबूनही करकरला, तर शाफ्ट थांबलेलाच नाही, कुणीतरी त्याला फिरवतंय. तिसरी परीक्षा रस्त्यावर: डबल क्लच मारून, इंजिनाचा वेग जुळवून गिअर टाकायचा. तसा गुपचूप पडला तर वेग जुळवण्याचं काम कमी पडतंय, म्हणजे रिंग, ऑइल नाहीतर क्लच. एकाच गिअरला त्रास असेल तर त्याची रिंग. सगळ्यांना असेल तर कारण सगळ्यांना समान असलेलं शोधायचं.

ऑइलबद्दल थोडकं. पितळी रिंगांच्या बॉक्सात उत्पादकानं जीएल-४ सांगितलं असेल तर जीएल-५ ओतू नये. जीएल-५ डिफरन्शियलच्या दातांसाठी चांगलं. त्यातल्या जादा रसायनांनी रिंगेची पकड कमी होते आणि काही ऑइलं उष्णतेत पितळावरही परिणाम करतात. "महागाचं घातलंय" हे ऐकलं की मी आधी डबा मागतो.

भुदरगड भागातल्या एका शेतकरीदादांची जीप अशीच आली. बॉक्स बाहेरून एकदा काढून-जोडून झालेला, रिंगा नव्या घातलेल्या, तरी खडा तसाच. बंद इंजिनात गिअर मऊ. क्लचचा प्रवास पूर्ण, पेडलचं फ्री प्ले बरोबर, प्रेशर प्लेट नवी. रिव्हर्स मात्र थांबूनही करकरला. बॉक्स उतरवला आणि आधी इनपुट शाफ्टचं टोक पाहिलं. ते एकाच बाजूनं घासून चकचकीत झालेलं. क्रँकच्या टोकातलं पायलट बुश एका अंगानं खाल्लेलं, बोट फिरवलं की पिवळी भुकटी लागत होती. क्लच सुटत होता. पण बुशच शाफ्टला चावून धरत होतं आणि इंजिनाबरोबर फिरवत होतं.

बुश बदलून गाडी परत देता आली असती, चार-सहा महिने चाललीही असती. पण बुश एका बाजूनं का झिजलं? फ्लायव्हीलवर डायल गेज बसवला, त्याचं टोक अडॅप्टर प्लेटच्या मोठ्या भोकाच्या आतल्या कडेला टेकवलं आणि क्रँक हातानं हळू फिरवला. काटा सोळा थाउ, म्हणजे इंचाचे सोळा सहस्रांश, हलला. म्हणजे बॉक्सचा मध्य इंजिनाच्या मध्यापासून आठ थाउ सरकलेला, साधारण ०.२ मिलिमीटर. डायलवर पाच थाउच्या आत असावं, हा या कामातला सर्वमान्य नियम. केसाएवढ्या आकड्याला कोण विचारतो, असं वाटेल. पण शाफ्टच्या एका टोकाला बॉक्सचं बेअरिंग आणि दुसऱ्याला हे बुश, दोघांत ओढाताण झाली की मधल्या क्लच प्लेटला स्प्लाइनवर सरळ सरकताच येत नाही.

कारण शोधायला वेळ लागला नाही. प्लेटला डॉवेल पिना नव्हत्याच, नुसते बोल्ट होते. बोल्टच्या भोकाला मोकळीक असते. आवळताना प्लेट स्वतःच्या वजनानं खाली बसली आणि तशीच आवळली गेली. बोल्ट दाबतो, जागा धरतो तो डॉवेल. आम्ही बोल्ट ढिले केले, लाकडी हातोड्यानं प्लेट टिचक्या मारत सरकवली, दर टिचकीनंतर क्रँक फिरवून काटा पाहिला. सगळ्यात वेळखाऊ काम हेच. काटा तीन थाउच्या आत आल्यावर बोल्ट आवळले, पुन्हा मोजलं, कारण आवळतानाही प्लेट सरकते. मग भोकं रीम करून डॉवेल ठोकले. नवं बुश घातलं, शाफ्टचं टोक क्रँकमध्ये तळाला टेकत नाही ना, हे डेप्थ गेजनं बघितलं. रिंगांची फट फीलर गेजनं मोजली; लहान गाड्यांत नव्या रिंगेला साधारण एक मिलिमीटर असते आणि अर्ध्याच्या खाली गेली की रिंग संपली. यांच्या शाबूत होत्या. बॉक्स परत चढवला. रिव्हर्स आवाज न करता पडला आणि तिसराही.

गिअरचा दांडा आखूड करून घेणारी तरुण मुलं येतात. हाताचा प्रवास कमी होतो हे खरं, पण तरफ आखूड झाली की तेवढ्याच कामाला जोर जास्त लागतो आणि आधी न जाणवणारा खडा जाणवायला लागतो. ती मुलं बॉक्सला नावं ठेवतात. मूळ दांडा लावून बघा म्हटलं तर पुष्कळांची तक्रार तिथंच मिटते.

तुम्ही असा बदल करून घेणार असाल तर एक करा. बॉक्स चढवण्याआधी मिस्त्रीला प्लेटला डॉवेल आहेत का ते विचारा आणि डायल गेज लावून काटा किती हलतो ते समोर उभं राहून बघा. आकडा बिलावर लिहून घ्या. जो मोजतो त्याला लिहून द्यायला काही वाटत नाही. आणि खडा लागायला लागलाच, तर बॉक्स उघडू देण्याआधी रिव्हर्सची ती परीक्षा स्वतः करून बघा. तिला पाना लागत नाही.