शिक्का चोरीला जातो तेव्हा

मुलांनो, संगणकावर एखादी वेबसाइट उघडायला जावे आणि 'हे कनेक्शन सुरक्षित नाही' अशी पाटी समोर यावी, असे तुम्ही पाहिले असेल. मग काय करता? बहुतेक जण पाटी वाचतच नाहीत. खालचे बटण शोधायचे, दाबायचे, की चालले पुढे! आईबाबाही यात मागे नसतात बरं का.

ही पाटी येते दाखल्यामुळे. नवे मूल शाळेत आले की आम्ही त्याचा दाखला बघतो. नाव बरोबर आहे ना, मुख्याध्यापकांची सही आहे ना, शिक्का आहे ना. वेबसाइटचाही असाच दाखला असतो. त्यावर तिचे नाव, मुदत आणि दाखला देणाऱ्या संस्थेची सही असते. काही जुळले नाही, की ब्राउझर अडवतो.

कधीकधी गडबड आपल्याच संगणकाची असते. मे महिन्याच्या सुट्टीनंतर आमच्या शाळेतला एक संगणक एकही साइट उघडेना. चौथीतल्या एका मुलीने कोपऱ्यातली तारीख वाचली आणि हसायलाच लागली. आतली छोटी बॅटरी संपल्याने घड्याळ कितीतरी वर्षे मागे गेले होते! त्याच्या हिशेबाने सगळ्या दाखल्यांची मुदत अजून सुरूच व्हायची होती.

पण सही ठीक, मुदत ठीक, आणि तरी दाखला खोटा असेल तर? २०११ साली हे खरेच घडले. नेदरलँड्समध्ये डिजिनोटार नावाची दाखले देणारी कंपनी होती. चोर तिच्या संगणकांत शिरले आणि तिच्याच शिक्क्याने पाचशेहून जास्त खोटे दाखले करून घेतले. त्यांत एक गूगलच्या नावाचा होता. तो दाखवून इराणमधल्या लोकांच्या आणि गूगलच्या मध्ये कुणीतरी गूगल बनून बसले. लोकांची पत्रे, पासवर्ड, सगळे उघडे! ऑगस्टमध्ये तिथल्या एकाला क्रोम ब्राउझरने पाटी दाखवली, कारण गूगलच्या खऱ्या दाखल्यांची खूण क्रोमजवळ आधीच होती. त्याने बटण दाबून पुढे न जाता चारचौघांत विचारले, आणि बिंग फुटले. दाखला रद्द झाला. ब्राउझरांनी डिजिनोटारचा शिक्का मानणेच सोडले, आणि सप्टेंबरमध्ये कंपनीचे दिवाळे निघाले.

रद्द झालेला दाखला परत मागवता येत नाही. तो चोराच्या खिशात तसाच राहतो, दिसायला अगदी खरा. म्हणून रद्द दाखल्यांची यादी काढतात, आणि ती बघितल्याशिवाय ओळखायला मार्ग नाही.

आता शाळेची गंमत. आमच्याकडे मुलांचे संगणक थेट बाहेर जात नाहीत. मध्ये प्रॉक्सी नावाचा संगणक आहे, आपल्या शिपाईमामांसारखा. बाहेरून आलेले पाकीट तो उघडतो, तपासतो आणि शाळेच्या पाकिटात घालून आत देतो. सगळेच प्रॉक्सी पाकीट उघडत नाहीत, आमचा उघडतो. त्यामुळे मुलांना दिसतो तो फक्त शाळेचा शिक्का. मूळ शिक्का खोटा असला आणि मामा गप्प बसले, तर वर्गात पाटी येणारच नाही. कुलपाचे चित्र मात्र छान दिसेल!

म्हणूनच तो बसवायला आलेले गृहस्थ म्हणाले, "बाई, दाखल्यांची तपासणी बंद करून टाकू, तक्रारीच येणार नाहीत," तेव्हा मी ठाम नाही म्हणाले. तक्रार आली तर चालेल. रद्द यादीही बघायला लावली.

त्याच आठवड्यात शिष्यवृत्तीच्या सराव प्रश्नपत्रिकांची साइट अडली. मुले हिरमुसली. मी साइटवाल्यांना फोन केला आणि तोवर फळ्यावर गणिते घेतली. तिसऱ्या दिवशी साइट उघडली, तसा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, त्यांचा दाखला रद्द झाला होता की नुसता संपला होता?"

नुसता संपला होता.