अण्णांची सलामी



मागच्या आठवड्यात तलासरीहून आपल्यातल्याच एकीचा फोन आला. तिचे सासरे, म्हणजे मुलांचे आजोबा, फौजेतून निवृत्त झालेले आणि आता बरेच थकलेत. तिने चाचरत विचारलं, "काकू, तुमच्याकडे अण्णा गेले तेव्हा सलामीचं कसं केलंत? कुणाला कळवायचं? आधी विचारणं बरं दिसत नाही, पण नातवंडं विचारतात." बरं न दिसायला काय झालं? लग्नाचा हॉल वर्षभर आधी ठरवतो आपण. तिला फोनवर सांगितलं ते आणि त्यावेळी सांगायचं राहिलं ते, दोन्ही इथे लिहिते. आपल्या घरांमध्ये फौजी फार नाहीत, त्यामुळे हे सांगणारं सहसा कुणी भेटत नाही.

अण्णा म्हणजे माझे सासरे. मूळ गाव सांगलीकडचं, पण धाकट्या भावाचं तलासरीत दुकान होतं म्हणून निवृत्तीनंतर डहाणूला येऊन राहिले. चीनची लढाई झाली त्या 1962 सालच्या हिवाळ्यात भरती झाले. घरात रडारड झाली. जैनाचा मुलगा आणि पलटणीत? ते गेले सेना वैद्यकीय दलात, नर्सिंग असिस्टंट म्हणून. लखनौला शिकले आणि 1971 ला पूर्वेकडे एका फील्ड अँब्युलन्समध्ये होते. एकवीस वर्षं नोकरी करून हवालदार म्हणून निवृत्त झाले. पेटीत पूर्वी स्टार होता, संग्राम मेडल होतं. शौर्यपदक नव्हतं. कुणी विचारलं तर म्हणायचे, "मी गोळी मारायला नाही, काढायला गेलो होतो."

आपल्यातल्या बायका मला अजून विचारतात, अहिंसा मानणाऱ्याने ही नोकरी कशी केली? पाठशाळेत आपण शिकलोय की हिंसा चार प्रकारची: संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. श्रावकाला संकल्पी हिंसा सोडायलाच हवी. घर, धंदा आणि रक्षण करताना जी होते ती तो कमीत कमी करतो, पण ती पूर्ण सुटते फक्त मुनिपदात. श्रवणबेळगोळचे बाहुबली ज्यांनी उभे केले ते चामुंडराय गंग राजांचे सेनापती होते. दर बारा वर्षांनी महामस्तकाभिषेकाला रांगा लावतो, तेव्हा हे कुणाच्या लक्षात येत नाही. असो.

आता मुद्द्याचं. टीव्हीवर आपण बघतो ते, तिरंग्यात लपेटलेली पेटी, हवेत फैरी, बिगुलावर लास्ट पोस्ट, हा मान सेवेत असताना वीरमरण आलेल्या जवानाचा. निवृत्त होऊन घरी, म्हातारपणाने गेलेल्या माजी सैनिकाला हे सगळं आपोआप मिळत नाही. कळवावं लागतं. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला कळवायचं, ते जवळच्या लष्करी ठाण्याशी बोलतात. ठाण्याला माणसं मोकळी असली आणि अंतर जमलं तर पुष्पचक्र आणि मानवंदना होऊ शकते. तालुक्यातली माजी सैनिक संघटना मात्र हाकेसरशी येते. तिचा नंबर घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

डहाणूला अडचण अंतराची. मुंबईहून निघालेली गाडी घोडबंदरची कोंडी पार करून मनोर, चारोटी करत कधी पोहोचेल हे कुणीच सांगू नये. आणि आपली अडचण वेळेची. प्राण गेल्यावर अंतर्मुहूर्तात, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटांच्या आत, देहात संमूर्च्छन जीव उत्पन्न होऊ लागतात असं आपण मानतो. म्हणून देह ठेवून घ्यायचा नाही, बर्फावर तर नाहीच, आणि सूर्यास्तानंतर दहन नाही.

अण्णा गेल्या वर्षी मार्गशीर्षात पहाटे साडेपाचला गेले. वय चौऱ्याऐंशी. णमोकार ऐकत गेले, त्यात समाधान आहे. नऊ वाजता मुलाने कार्यालयात फोन लावला. उत्तर नीट मिळालं: प्रयत्न करतो, पण पथक आलं तरी संध्याकाळ होईल. मार्गशीर्षातला दिवस तो, सहाला अंधार.

इथे घरात दोन तट पडले. माझी मुलगी, अण्णांची नात, रात्रीच आली होती. तिचं म्हणणं, एक दिवस थांबू. एकवीस वर्षं दिली त्यांनी, देशाने एक तास द्यायला नको? ती रडत होती आणि तिचं चूक होतं असं मला आजही वाटत नाही. सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "ज्यांनी जन्मभर मुंगीला वाट दिली, त्यांच्यासाठी जीवांची हिंसा नको. आणि बंदुकीचा आवाज मला नको. पाखरं उडतील." आमच्याकडे समुद्राच्या बाजूला सुरूची झाडं आहेत, संध्याकाळी पाखरांनी भरलेली असतात. मुलगी म्हणाली, "आजी, त्या फैरी कोऱ्या असतात गं." सासूबाई म्हणाल्या, "पाखरांना काय माहीत?"

अण्णांना काय हवं होतं? मुलांनी विचारलं होतं कधीतरी. त्यांचं उत्तर असायचं, "ज्यांच्या पट्ट्या बांधल्या त्यातले कितीतरी घरी गेलेच नाहीत. त्यांना द्या सलामी." आपल्या माणगावचे यशवंत घाडगे 1944 च्या जुलैत इटलीत बावीसाव्या वर्षी पडले. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, पण नाव आहे ते कॅसिनोच्या स्मारकावर, ज्यांची कबर माहीत नाही अशांच्या यादीत. घरच्यांना ना देह, ना राख. अण्णा त्यांचं नाव घ्यायचे.

बारा वाजता ठरलं: थांबायचं नाही, दोनला निघायचं. निर्णय सासूबाईंचा. ज्या बाईने एकवीस वर्षं मनीऑर्डरवर संसार केला तिचाच तो हक्क होता, असं मी तेव्हा मुलीला म्हणाले. ती दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही.

दरम्यान शेजारची मुलं प्रेमाने तिरंगा घेऊन आली, सव्वीस जानेवारीचा मोठा. मीच नको म्हटलं, आणि हे सगळ्यांनी लक्षात ठेवा. राष्ट्रीय सन्मानाचा अवमान रोखणारा 1971 चा कायदा आहे. शासकीय, लष्करी किंवा निमलष्करी इतमामातला अंत्यविधी सोडून इतर कुठेही राष्ट्रध्वज पांघरता येत नाही. तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. जिथे परवानगी असते तिथेही केशरी पट्टा डोक्याकडे ठेवतात, आणि ध्वज चितेवर जात नाही, आधी काढून घ्यायचा असतो. घरच्या घरी कुणी हौसेने झेंडा घातला तर तो मान राहत नाही, मग कितीही प्रेम असो. आम्ही पांढरं वस्त्रच घातलं. मेडल्स घरातून निघेपर्यंत छातीवर ठेवली, उंबऱ्याशी सासूबाईंनी स्वतः काढून घेतली.

माजी सैनिक पाचजण आले, दोघे तलासरीकडून मोटरसायकलवर. कोट घातलेले, कोटावर मेडल्स. त्यातले एक सुभेदार होते, वारली समाजातले, अण्णांच्या दुकानातल्या गप्पांचे जुने सोबती. त्यांनी झेंडूचं चक्र आणलं होतं. आमच्या घरी पूजेतसुद्धा फुलं वापरत नाहीत, सगळ्यांनी सासूबाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "ती त्यांची रीत आहे, येऊ दे." नातीने मोबाइलवर लास्ट पोस्ट शोधून ठेवलं होतं. सुभेदारांनी हळूच हात आडवा केला. "बेटा, बिगुल वाजवणारा उभा असावा लागतो. नसला तर शांत राहायचं." मग त्यांनी 'सावधान' म्हटलं आणि पाच म्हातारे असे ताठ झाले की त्यातल्या एकाचा गुडघा बदललाय हे कुणाला खरं वाटलं नसतं. दोन मिनिटं शांतता. सलामी. नात तेव्हा रडली नाही, तीही ताठ उभी होती.

मान मोठा की छोटा यावर मग बैठकीला आलेल्यांत बोलणं झालं. आमचे एक इराणी शेजारी, चिकूवाडीवाले, म्हणाले, आमच्या सॅम माणेकशांचं काय झालं? 27 जून 2008 ला वेलिंग्टनच्या लष्करी रुग्णालयात गेले. 1971 चं युद्ध जिंकणारे फील्ड मार्शल, लष्कराने आपला सगळा मान दिला, पण दिल्लीहून ना राष्ट्रपती आले, ना पंतप्रधान, ना संरक्षणमंत्री. त्यांचा राग सोळा वर्षांनीही ताजा होता. मी चहा देत होते. मनात आलं, आमच्या हवालदाराकडे तलासरीहून दोघे मोटरसायकलवर आले.

आता कागद. बी.कॉम.चा उपयोग मला नोकरीत नाही, या फाइलीत झाला. डिस्चार्ज बुक, पीपीओ, माजी सैनिक ओळखपत्र, दोघांचे आधार, एकत्र खात्याचं पासबुक, सगळं एका पिशवीत ठेवा. सगळ्यात महत्त्वाचं, डिस्चार्ज बुकात बायकोचं नाव आणि जन्मतारीख बघा. आपल्यात लग्नानंतर नाव बदलतात. सासूबाईंचं नोंदीत माहेरचं नाव होतं, आधारवर सासरचं. अण्णा हयात असतानाच प्रतिज्ञापत्र करून सैनिक कल्याण कार्यालयामार्फत ते जुळवून घेतलं होतं. माणूस गेल्यावर हीच गोष्ट महिनोन्महिने खाते.

मृत्यूची नोंद एकवीस दिवसांत नगर परिषदेत किंवा ग्रामपंचायतीत करायची. पेन्शन खात्याला, आता 'स्पर्श'वर, लगेच कळवायचं. मृत्यूनंतर चुकून जमा झालेली पेन्शन एटीएममधून काढू नका, ती परत द्यावी लागते. कुटुंब निवृत्तिवेतन साधारण शेवटच्या पगाराच्या तीस टक्के हिशेबाने बसतं. वाढीव दर असतो तो सात वर्षं किंवा गेलेली व्यक्ती सदुसष्ट वर्षांची झाली असती तोपर्यंत, जे आधी होईल ते. अण्णा चौऱ्याऐंशीचे, तेव्हा तो प्रश्न नव्हता. पण विधवा ऐंशी पूर्ण झालेली असेल तर वीस टक्के जास्त मिळतात, हे पुष्कळांना माहीत नसतं. सासूबाई एक्याऐंशीच्या. जन्मतारीख नोंदीत होती म्हणून ती वाढ विनासायास लागली. घरातल्या म्हाताऱ्या बायकांच्या जन्मतारखा 'पानशेत फुटलं त्याच्या आधी' अशा असतात, त्या वेळीच कागदावर आणा.

मेडल्स सासूबाईंनी नातीला दिली.

तलासरीच्या मैत्रिणीला मी म्हटलं होतं की सासऱ्यांना सरळ विचार, तुम्हाला काय हवंय. काल तिचा परत फोन आला. विचारलं म्हणे. ते तोफखान्यात होते. त्यांना बिगुल हवाय, फैरी हव्यात, सगळं हवंय, आणि सूर्यास्ताच्या आत हवंय. मी हसले, तीही हसली. आता आम्ही दोघी मिळून देवळालीचा नंबर शोधतोय.