विद्यापीठाची मुक्कामी गाडी

मागच्या अशोक विजयादशमीला आमचा पुतण्या गावी आला होता. राज्यातल्या एका विद्यापीठाच्या संगणक विभागात तो नोकरीला आहे. आमच्या घराण्यातला तो पहिला एम.सी.ए. जेवणे झाली, बाया अंगणात बोलत बसल्या, आणि हा खाटेवर लॅपटॉप घेऊन बसला. आम्ही म्हटले, "सणाच्या दिवशीही काम काय गा?"

तो म्हणाला, "मोठेबाबा, विद्यापीठानं समिती नेमली. पोरापोरींच्या मोबाइलवर विद्यापीठ कसं न्यायचं, त्याचा आराखडा करायचा हाय. पंधरा दिवसांत द्या लागते."

आम्ही म्हटले, दाखव. त्याने दाखवले. एक अ‍ॅप काढायचे. उघडले की इमारतीचे चित्र, मग सरकणारी छायाचित्रे, मग मान्यवरांचे संदेश, मग बातम्या. परीक्षेचा फॉर्म आणि निकाल अगदी खाली. चित्रे सुरेख होती. पण आम्ही दोघे एकमेकांकडे पाहत राहिलो. मग लेकीला हाक मारली, "बाई, इकडे ये. तुझी गोष्ट दादाले सांग."

वाचकहो, ती गोष्ट तुम्हालाही सांगतो.

आर्णी तालुक्यातले आमचे गाव. आमच्यापैकी एकाने एस.टी.त कंडक्टरकी करून पेन्शन घेतली, दुसरीने उभा जन्म कापूस वेचून घराला हातभार लावला. लेकीने घरी राहून पदवी करायचे ठरवले. कोणत्या विद्यापीठातून, ते येथे लिहीत नाही. दोष एकाचा नाही. हिवाळी परीक्षेचा फॉर्म भरायची शेवटची तारीख जवळ आली. आम्ही सगळे वेचणीला. दिवसा वेळ नाही, आणि गावात नेट धड चालते ते रात्री दहानंतर. पोर फोन घेऊन घराच्या मागच्या ओट्यावर बसे, कारण तिथेच टॉवर मिळतो.

फॉर्मचे पान मोठ्या संगणकासाठी बनवलेले. फोनवर अक्षरे मुंगीएवढी. बोटांनी मोठे करावे तर पुढचे बटण पडद्याबाहेर जाई. नाव, पत्ता, विषय भरून झाले की फोटो मागे, तो ठराविक वजनाचाच. वजन कमी करेपर्यंत वेळ संपे आणि सगळा फॉर्म कोरा होई. पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या रात्री सगळे जमले, तर ओटीपी गेला जुन्या नंबरवर. प्रवेश घेताना जो नंबर दिला होता, त्याचा रिचार्ज आम्ही सोयाबीनच्या पडत्या दिवसांत केला नव्हता. तीन महिने वापर नसला की नंबर बंद होऊ शकतो आणि पुढे दुसऱ्या कोणाला मिळतो, हे आम्हाला कोठे ठाऊक? सकाळी तिला घेऊन तालुक्याला गेलो. ऑनलाइन सेंटरवर रांग. नंबर बदलायला अर्ज, अर्जाला ओळखपत्राची प्रत, आणि उत्तर येईल सात दिवसांनी. तारीख तीन दिवसांवर होती.

सत्र बुडाले. रुपये वाचले, पण सहा महिने गेले. त्या सहा महिन्यांत दोन ठिकाणांहून स्थळे आली. सोयरे म्हणू लागले, परीक्षेला तर बसली नाही, आता कशाला थांबता? लेक रोज आमच्याबरोबर कापसाला येई आणि काही बोलत नसे. तिचे ते न बोलणे आम्ही विसरलेलो नाही. पुढच्या सत्रात ती बसली, पास झाली, म्हणून आज हे लिहिता येते. वस्तीतल्या दुसऱ्या एका पोरीचे मात्र तसेच हुकले आणि ती परत बसलीच नाही.

लेकीचे सांगून झाले. पुतण्याने लॅपटॉप मिटला. "मोठेबाबा, मग कसं करावं?" आम्हाला संगणक येत नाही. पण गाड्यांचे वेळापत्रक कळते. आम्ही त्याला मुक्कामी गाडीची आठवण दिली.

एस.टी.ची मुक्कामी गाडी तुम्ही जाणता. रात्री शेवटच्या गावाला जाते, ड्रायव्हर-कंडक्टर तिथेच झोपतात, आणि पहाटे ती गाडी गावातून निघते. डेपोच्या सोयीने पाहिले तर हा खर्च. पण ती डेपोतून सकाळी निघाली असती तर गावातले पोर शाळा भरल्यावर तालुक्याला पोचले असते. आमच्या भागात किती पोरे मुक्कामी गाडीमुळे मॅट्रिक झाली, हे आम्ही तिकिटे फाडताना पाहिले आहे. गाडी कुठून निघाली यावर सारे असते. विद्यापीठाचा आराखडाही शेवटच्या गावातून निघाला पाहिजे.

आपल्या जिल्ह्याचेच पाहा. यवतमाळात सोळा तालुके. आपले विद्यापीठ अमरावतीला. १ मे १९८३ रोजी नागपूर विद्यापीठातून वेगळे झाले, पुढे त्याला संत गाडगेबाबांचे नाव मिळाले. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम असे पाच जिल्हे त्याच्याकडे. यवतमाळ शहरापासून अमरावती नव्वदेक किलोमीटर, पण वणीच्या किंवा उमरखेडच्या पोराला जाऊन यायचे तर अख्खा दिवस मोडतो आणि मजुरी बुडते. भांडी विकावी लागली तरी पोरांना शिकवा, असे सांगत गाडगेबाबा गावोगाव फिरले. लोकांनी आपल्याकडे यावे म्हणून ते बसून राहिले नाहीत. आज कागदासाठीची ती खेप मोबाइल वाचवू शकतो. म्हणून मोबाइलचा आराखडा ही आमच्यासाठी हौसेची गोष्ट नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुतण्याला वस्तीतल्या अभ्यासिकेत नेले. पोरापोरींना एकच प्रश्न विचारला: विद्यापीठाचे पान तुम्ही कशासाठी उघडता? उत्तरे हाताच्या बोटांवर मोजता आली. वेळापत्रक, फॉर्म, हॉल तिकीट, निकाल, शिष्यवृत्तीचा कागद आणि चौकशीचा फोन नंबर. इमारतीचे चित्र पाहायला कोणीच जात नव्हते. पुतण्या हसून म्हणाला, "पहिलं पान हेच!" बसस्थानकावर गाड्यांची पाटी दर्शनी असते, आगारप्रमुखाचा फोटो लावून पाटी आतल्या खोलीत ठेवली तर प्रवासी काय करतील?

त्यानेच मग आम्हाला बाहेरची हकिगत सांगितली. २००७ साली आयफोन आला, त्यानंतर अमेरिकेतल्या विद्यापीठांना मोबाइलचा विचार करावा लागला. एमआयटीसारख्या मोठ्या संस्थेने फोनसाठी पाने केली, तेव्हा त्यांत बसच्या वेळा, परिसराचा नकाशा आणि माणसांचे फोन नंबर अशा चालता चालता लागणाऱ्या गोष्टी होत्या. २०१० साली ईथन मार्कोट नावाच्या माणसाने एक रीत मांडली: एकच पान असे बांधायचे की पडदा लहान असो वा मोठा, ते आपोआप त्या मापाचे होईल. शिंप्याने एकच सदरा शिवावा आणि तो बापालाही यावा, लेकालाही यावा, तसे. आपल्याकडे सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले, डाटा स्वस्त झाला, आणि ज्या घरात संगणक कधी आला नाही त्या घरात नेट आले. २०१७ मध्ये बटणांचा जिओफोनही निघाला. आमच्या वस्तीतल्या पोरांनी संगणकावरून मोबाइलवर उडी मारली नाही. त्यांचे पहिले नेटच मोबाइल आहे.

मग अ‍ॅप की पान, हा वाद निघाला. अभ्यासिकेतल्या एका पोराने फोन पुढे केला. बापाने सेकंडहँड घेऊन दिलेला, काच तडकलेली, जागा भरलेली. तो म्हणाला, "दादा, नवीन अ‍ॅप टाकाचं म्हणजे घरचे फोटो काढून टाका लागतात." निकाल वर्षातून दोनदा लागतो. त्यासाठी वर्षभर अ‍ॅप कोण सांभाळील? साधे पान कोणत्याही फोनवर उघडते, जागा धरत नाही. अ‍ॅप करायचे तर नंतर, आणि जे पानावर आहे ते अ‍ॅपशिवायही मिळाले पाहिजे.

तिसरी गोष्ट अक्षरांची. सूचना पुष्कळदा कागदाचा फोटो काढून टाकलेली असते. आमचा हा अख्खा लेख अक्षरांच्या रूपात काही दहा किलोबाइटांत बसेल. त्याच कागदांचे फोटो काढले तर हजार-दोन हजार किलोबाइट सहज होतील. शिवाय फोटोतली अक्षरे शोधता येत नाहीत, आणि अंध विद्यार्थ्याचा फोन ती वाचून दाखवू शकत नाही. काही ठिकाणी मराठी जुन्या फाँटात लिहिलेली असते. ज्या फोनमध्ये तो फाँट नाही तिथे सगळे किडे-मुंग्या दिसतात. देवनागरी १९९१ पासून युनिकोडमध्ये आहे. ते वापरले की कोणत्याही फोनवर मराठी मराठीच दिसते.

चौथी गोष्ट फॉर्मची, आणि ती आमच्या जिवाची. अर्धा भरलेला फॉर्म जसाच्या तसा राहिला पाहिजे, म्हणजे टॉवर गेला तरी उद्या रात्री तिथूनच पुढे भरता येईल. फोटोचे वजन पानानेच कमी करावे, पोराला दुकानात पाठवू नये. नंबर बदलायचा असेल तर कॉलेजातल्या बाबूने ओळखपत्र पाहून त्याच दिवशी बदलून द्यावा. तारीख संपायच्या आठ दिवस आधी एसएमएस यावा, कारण एसएमएसला नेट लागत नाही. पुतण्या म्हणाला, एका एसएमएसमध्ये इंग्रजीची १६० अक्षरे मावतात, पण देवनागरीची ७०च. आम्ही म्हटले, मग सत्तरच लिहा, पण मराठीत लिहा. तार आम्ही याहून कमी शब्दांत करत होतो.

फॉर्ममधला जातीचा रकाना आम्ही त्याला मुद्दाम दाखवला. एका ठिकाणी धर्म 'बौद्ध' निवडला की पुढे 'अल्पसंख्याक' एवढेच येई, अनुसूचित जातीचा पर्याय दिसतच नसे. १९९० च्या दुरुस्तीने बौद्ध झालेल्यांना अनुसूचित जातीचे हक्क केंद्राकडूनही मिळाले. इतक्या वर्षांनी ते एका चुकलेल्या यादीने जावेत? पोर घाईत दुसराच धर्म निवडते किंवा खुल्या प्रवर्गात फी भरते. यादी करणाऱ्याच्या मनात वाईट नसेल, पण ती करताना आपल्यापैकी कोणी शेजारी बसलेले नसते. पुतण्याने हे वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्या.

शेवटी त्याने विचारले, "मोठेबाबा, काम चांगलं झालं हे कसं ओळखू?" आम्ही म्हटले, नवी गाडी मार्गावर सोडण्याआधी रिकामी चालवून पाहतात. तुझे पान आधी या तडकलेल्या फोनवर, या ओट्यावर, रात्री उघडून पाहा. दिवाळीत जादा गाड्या लागतात. निकालाच्या दिवशी लाखभर पोरे एकदम येणार, त्याची तयारी आधी कर. पान हलके असले की गर्दीही झेपते. आणि जुन्या पाट्या उतरव. मागच्या वर्षीचे वेळापत्रक तसेच लटकत राहिले तर पोर चुकीच्या दिवशी परीक्षेला जाते. प्रत्येक पानावर तारीख आणि त्याची जबाबदारी कोणाची, हे लिहिलेले असावे. समिती तीन महिन्यांत विसर्जित होते, पान मात्र रोज पाहावे लागते.

हे सांगताना आम्हाला सिद्धार्थ महाविद्यालयाची आठवण झाली. १९४५ साली बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली आणि १९४६ साली मुंबईत हे महाविद्यालय सुरू केले. पोटासाठी दिवसभर नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून तिथे सकाळी वर्ग भरत. कॉलेजची वेळ कामगाराच्या घड्याळाने ठरली. नोकरी सोडा आणि मग शिकायला या, असे त्याला कोणी म्हटले नाही. आजच्या विद्यापीठाने पोरीच्या फोनचे आणि रात्रीच्या दहाचे माप घ्यावे, एवढेच आमचे म्हणणे.

पुतण्या परत गेला. नवा आराखडा त्याने समितीपुढे ठेवला. काही मुद्दे मान्य झाले, काहींवर "पुढे पाहू" असा शेरा पडला. अ‍ॅपची चित्रे बऱ्याच जणांना आवडली होती, असे तो फोनवर म्हणाला. पण फॉर्म अर्धा भरून ठेवायची सोय पहिल्या टप्प्यात आली आहे आणि यादी दुरुस्त होणार आहे. आम्हाला तेवढ्यानेही बरे वाटले.

बंधू-भगिनींनो, विद्यापीठ आपले पान सुधारील तेव्हा सुधारील, तोवर आपल्या घरी एवढे करा. पोराने विद्यापीठाला जो नंबर दिला तो वहीत लिहून ठेवा आणि घरात दुसऱ्या कशाचा नाही झाला तरी त्याचा रिचार्ज करा. जातीचा दाखला, गुणपत्रिका, फोटो आधीच काढून फोनमध्ये ठेवा. डिजिलॉकर २०१५ पासून आहे, त्याचा उपयोग करा. फॉर्म शेवटच्या दिवसावर टाकू नका. भरल्यावर पावती जपा. आणि वस्तीतल्या शिकलेल्या एका पोराने परीक्षेच्या दिवसांत रोज रात्री तासभर अभ्यासिकेत बसावे. ज्या पोरीचा फॉर्म अडला असेल ती तिथे येईल.

आमची लेक आता तेच करते. मागच्या महिन्यात तिने अकरा फॉर्म भरून दिले. एकही चुकला नाही.