गडाकडं तोंड करून

पाथर्डी तालुक्यातल्या ऊसतोड घरांचं वर्ष दोन यात्रांच्या मध्ये बसतं. नवरात्रात मोहटादेवीचा गड माणसांनी फुलतो. दसरा झाला की मुकादमाची उचल घेतलेल्या घरांत बांधाबांध सुरू होते आणि दिवाळीच्या आगेमागे माणसं कारखान्यांच्या वाटेला लागतात. ती परतायला लागतात तेव्हा मढीला कानिफनाथांची यात्रा भरलेली असते, होळीपासून पाडव्यापर्यंत. जाताना देवीला सांगून जायचं, आल्यावर नाथांच्या समाधीवर डोकं टेकायचं आणि पोरांसाठी रेवड्या घेऊन घरी यायचं. मधले महिने फडात. तिथं गाडी उलटेल, बैल बसेल, पोटुशी बाई पाचटातच अडेल, गावी ठेवलेलं म्हातारं माणूस शेवटचं दिसणारही नाही. यातलं काहीच जाणाऱ्याच्या हातात नसतं.

मढीच्या गडाबद्दल एक गोष्ट पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. 1689 मध्ये रायगड पडला आणि येसूबाई लहानग्या शाहूसह मोगलांच्या कैदेत गेल्या. मुलाच्या सुटकेसाठी त्यांनी कानिफनाथांना नवस केला आणि तो फेडण्यासाठी पुढं गडाचं बांधकाम झालं, असं परंपरा सांगते. शाहू सुटले ते 1707 मध्ये. छत्रपतींच्या घरातल्या बाईलाही पदर पसरायला एक जागा लागली, यात आमच्या आत्याला मोठा दिलासा वाटायचा. ‘राणीला चुकलं न्हाई, तर माझं काय,’ म्हणायची.

आत्या तरुणपणी बरीच वर्षं कोयत्यावर गेली. कोपीत चूल, चार भांडी आणि बांबूला सुतळीनं बांधलेला मोहट्याच्या देवीचा फोटो. पहाटे अंधारात उठली की आधी त्या फोटोला हात जोडायची आणि लगेच कोयता घासायला बसायची. तिच्या भक्तीचं आणि कष्टाचं कधी भांडण झालं नाही. देवी कोयता चालवणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

2021 च्या एप्रिलात अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, नगरच्या एका दवाखान्यात ठेवलं. ती करोनाची दुसरी लाट होती. मी दवाखान्याच्या फाटकाबाहेर आणि आत्या गावी. औषधासाठी पैसे लागतील म्हटल्यावर तिनं दुपारीच पाटल्या मोडल्या आणि रक्कम पाठवली. संध्याकाळी नारळ लाल फडक्यात गुंडाळून घराच्या तुळईला बांधला. मोहट्याच्या गडावर जाता येत नव्हतं. त्या महिन्यात राज्यातली देवळं पुन्हा बंद झाली होती. मग ती रोज दिवेलागणीला शेताच्या बांधावर जायची, गडाकडं तोंड करून उभी राहायची आणि भावाचं नाव घ्यायची. डोक्यावरचा पदर दोन्ही हातांनी पुढं धरायची, ओटी घेताना धरतात तसा. तिच्या सुनेनं फोनवर मला हे सांगितलं तेव्हा मी ऑक्सिजनच्या आकड्याची चौकशी करायला कुणी भेटतं का, ते पाहत होतो.

अण्णा गेले. घरी आणता आले नाहीत. दहावा चार माणसांत झाला.

त्या वर्षी घटस्थापनेला, 7 ऑक्टोबरला, देवळं उघडली. आत्यानं तुळईचा नारळ सोडला, खण आणि तांदूळ घेतले आणि मला म्हणाली, ‘चल गडावर.’ मी विचारलं, ‘आत्या, कशासाठी? नवस तर फळला नाही.’ ती पायरीवर बसली. रागावली नाही.

‘मागितलं त्ये तिनं दिलं न्हाई, खरं हाय,’ ती म्हणाली. ‘पर त्या टायमाला दवाखान्यात मला आत घेईनात, फोन कुनी उचलंना, देवळाला बी कुलूप. माझा भाऊ तिकडं श्वासाला तरसत हुता. मंग मी मागायचं कुनाला?’

आता आत्याही नाही. पण श्रद्धेबद्दल जे जे वाचलं, ऐकलं, ते मी तिच्या या प्रश्नाशी ताडून पाहतो. कोपनहेगन विद्यापीठातल्या अर्थशास्त्रज्ञ यानेट बेंटसेन यांनी 95 देशांतले गूगलवरचे शोध तपासले. 2020 च्या मार्चमध्ये प्रार्थनेविषयीचे शोध झपाट्यानं वाढले होते. एका बाजूला प्रार्थनाघरं बंद होत होती, दुसऱ्या बाजूला जगभरची माणसं प्रार्थना शोधत होती. बांधावर उभी असलेली आत्या एकटी नव्हती.

संकटात माणूस देवाकडं का वळतो? भीतीनं, अज्ञानानं, अशी उत्तरं सोपी आहेत. मला दिसतं ते असं: जीव लावलेल्या माणसासाठी मागणं थांबवता येत नाही. डॉक्टर, पैसा, ओळखपाळख, सगळं करून झालं तरी मागणं उरतंच. ते उरलेलं मागणं कुठंतरी ठेवायला हवं असतं, नाहीतर ते माणसालाच आतून खातं. आत्याला त्यासाठी गड होता. मला फाटकाशेजारची भिंत होती, आणि तिच्यापेक्षा माझे ते दिवस जास्त वाईट गेले, असं मला आज वाटतं.

याच उरलेल्या मागण्यावर टपून बसलेलेही असतात. उतारा सांगणारे, दवाखाना सोडायला लावणारे, अडलेल्याचे दागिने उतरवणारे. डॉ. नरेंद्र दाभोलकर आयुष्यभर त्यांच्याशी लढले. 2013 च्या ऑगस्टमध्ये त्यांचा खून झाला आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. आत्याच्या पाटल्या औषधाला गेल्या आणि देवीला एक नारळ गेला. हा हिशोब तिला कुणी शिकवला नव्हता. सगळ्यांनाच तो जमेल, असं मात्र नाही.

म्हणून तिच्या श्रद्धेचा मान राखायचा तर नुसते हात जोडून भागत नाही. तिनं देवीकडं जे मागितलं, त्यातलं बरंचसं माणसांनीच द्यायचं होतं: फडाजवळ बाळंतपणाची सोय, तालुक्याला ऑक्सिजनची खाट, फोन उचलून ‘आजी, तुमचा भाऊ असा असा आहे’ एवढं सांगणारं कुणीतरी. हे सगळं दिल्यावरही मागण्यासारखं पुष्कळ उरलं असतं. ते तिनं खुशाल देवीला मागितलं असतं.