सिस्टरांचं देणं

पुण्यात दवाखान्यांचा कचरा उचलणाऱ्या गाडीवर जी नवी मुलं येतात, त्यांना मी काम शिकवतो. त्या शिकवण्यात माझं स्वतःचं फार थोडं आहे. बहुतेक सगळं एका निवृत्त परिचारिकेनं दिलेलं आहे. आम्ही त्यांना नुसतं सिस्टर म्हणायचो. मला लिहिण्याची सवय नाही, पण हे देणं कुठेतरी नोंदलं जावं असं फार दिवस वाटत होतं.

माझी आई कचरा वेचायची. कष्टकऱ्यांचे नेते बाबा आढाव यांच्या पुढाकारानं 1993 मध्ये कचरा वेचणाऱ्यांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, तिची ती सभासद. कुंडीत सलाईनच्या बाटल्या आणि नळ्या सापडल्या की घरात आनंद व्हायचा, कारण भंगारवाला त्यांना चांगला भाव द्यायचा. हाताला सुई टोचली की आई बोट पिळायची, तोंडात धरायची, हळद दाबायची आणि पुन्हा कामाला लागायची. आम्हा भावंडांना सुई आणि बाभळीचा काटा सारखाच वाटायचा.

मोठा झाल्यावर मी टेम्पो चालवू लागलो आणि पुढे या गाडीवर लागलो. 2016 चे जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम तेव्हा नवे होते. त्यात लिहिलं आहे की हा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला कामावर येताना आणि पुढे दरवर्षी निदान एकदा प्रशिक्षण द्यायचं, आरोग्य तपासणी करायची, हिपॅटायटिस बी (म्हणजे कावीळ बी) आणि धनुर्वाताची लस द्यायची. मला यातलं काही ठाऊक नव्हतं. लायसन आहे, गाडी येते, मग आणखी काय शिकायचं, अशा समजुतीत मी वर्गात बसलो होतो.

सिस्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो गाडीचा नव्हता. "कावीळ बी ची लस कुणाकुणाची झाली आहे?" एकही हात वर गेला नाही. पहिला डोस, महिन्यानं दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. हे तिन्ही सगळ्यांना मिळेपर्यंत त्या मालकांच्या मागे लागल्या. लस न घेतलेल्या माणसाला बाधित रक्ताची सुई टोचली, तर शंभरातल्या सहा ते तीस जणांना ही कावीळ होऊ शकते, हे त्यांनी फळ्यावर लिहून दाखवलं.

मग पिशव्या आल्या. पिवळीत रक्ताळलेला कापूस, ड्रेसिंग, शरीराचे भाग. ती जाळायला जाते. लालमध्ये नळ्या, सलाईनच्या बाटल्या, हातमोजे. सुया आणि ब्लेड पांढऱ्या, टोचून भोक पडणार नाही अशा डब्यात. काचेच्या कुप्या निळ्या खुणेच्या डब्यात. पिशवी तोंडाशी बांधलेल्या जागी धरायची, अंगाला लावायची नाही, ओढायची नाही, पायानं दाबायची तर नाहीच. गाडीत माणसांची जागा वेगळी आणि कचऱ्याची वेगळी. बारकोड नसलेली पिशवी घ्यायची नाही. प्रक्रियेविना हा कचरा 48 तासांपेक्षा जास्त ठेवायचा नाही, म्हणून फेरी चुकवायची नाही.

लाल पिशवीतलं प्लास्टिक आधी वाफेवर निर्जंतुक करून, तुकडे करूनच पुढे का द्यायचं, हे सांगताना त्या गुजरातमधल्या मोडासा गावाबद्दल बोलल्या. तिथे 2009 मध्ये वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरल्यानं कावीळ बी पसरली आणि माणसं दगावली. मला आमच्या घरातल्या सलाईनच्या बाटल्या आठवल्या.

सुई टोचली तर काय करायचं, हा भाग शेवटी होता. पिळायचं नाही, तोंडात घालायचं नाही. वाहत्या पाण्याखाली साबणानं धुवायचं आणि लगेच कळवायचं. एचआयव्ही टाळण्याचं औषध दोन तासांत मिळालं तर उत्तम, 72 तासांनंतर उपयोग नाही. वर्ग संपल्यावर मी सिस्टरांना आईचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्यांना घेऊन ये."

आईची रक्ततपासणी झाली. सुदैवानं काही निघालं नाही, आणि लस सुरू झाली. सिस्टर तेवढ्यावर थांबल्या नाहीत. पुढच्या वर्गात त्यांनी आईला खुर्ची दिली आणि म्हणाल्या, "ताई, तुम्ही सांगा." आई आधी अवघडली. मग तिनं हात पुढे केला आणि कुठे कुठे काय टोचलं ते एकेक दाखवत गेली. कचऱ्याचं काम केलेल्या माझ्या आईला कुणी शिकवायला बसवेल, असं मला कधी वाटलं नव्हतं. नंतर मी कितीतरी तक्ते दाखवले, पण मुलं त्या दिवशी जितकी गप्प होऊन ऐकत होती तितकी पुन्हा पाहिली नाहीत.

पुढे एकदा एका लहान नर्सिंग होममध्ये लाल पिशवीत सुया दिसल्या, म्हणून मी ती घेतली नाही. डॉक्टर चिडले, मी घाबरलो. सिस्टरांनी फोनवर सांगितलं, "भांडू नकोस. नोंद कर आणि पिशवी तिथेच ठेव. न वेगळा केलेला कचरा घ्यायचाच नाही, हा नियम तुझ्या बाजूनं आहे." मोठ्या माणसासमोर नम्रपणे नाही म्हणता येतं, हे मला तेव्हा समजलं.

9 मार्च 2020 ला राज्यातले पहिले दोन कोरोना रुग्ण पुण्यातच, नायडू रुग्णालयात दाखल झाले. त्यानंतर पिवळ्या पिशव्या दुहेरी झाल्या, डब्यांवर हायपोक्लोराइट मारणं आलं. सिस्टरांचं वय साठीपुढचं, तरी त्या मास्क लावून गाड्यांच्या तळावर उभ्या राहिल्या. पीपीई किट घालायला त्यांनी थोडक्यात शिकवलं. काढायला मात्र पुन्हा पुन्हा, प्रत्येकाकडून करून घेतलं. त्या काळात आम्ही घरी जाऊन मुलांना जवळ घेऊ शकलो, ते त्यांच्यामुळे.

आता सिस्टर वर्ग घेत नाहीत. त्यांची वही माझ्याकडे आहे आणि माझा पहिला प्रश्न अजून लसीचाच असतो.

दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरांना माझी विनंती आहे: वार्षिक प्रशिक्षणाला रात्रपाळीच्या मावशी-मामांनाही बोलवा, सह्या घेऊन सोडू नका. आणि घरी इन्सुलिन घेणाऱ्यांनो, सुई ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका. जाड, झाकणाच्या बाटलीत साठवा, बाहेर "सुया" असं लिहा आणि कचरा न्यायला येणाऱ्या ताईंच्या हातात वेगळी, सांगून द्या.